डोमेन घ्यायचंय आणि क्रेडिट कार्ड नाही: खान्देशातल्या दुकानदारासाठी

अमळनेरच्या एक काकू बचत गटातल्या बायकांसोबत बिबड्या, पापड आणि कुरडया करतात. माल सुरतेला आणि पुण्याला जातो, कारण खान्देशातली निम्मी पोरं तिकडेच नोकरीला. मागच्या उन्हाळ्यात कोणीतरी त्यांच्या डोक्यात वेबसाइटचं घातलं. त्या आल्या आणि पहिलाच प्रश्न टाकला, "भाऊ, वेबसाइटनं नाव लेवाले क्रेडिट कार्डच लागस का?"

नाही लागत. इतकं सांगून उठता आलं असतं, पण त्यांच्याकडची परिस्थिती आपल्या भागात घरोघरी असते तशीच निघाली. मोठी रक्कम पतसंस्थेत, एक खातं राष्ट्रीयीकृत बँकेत, त्याचं रुपे कार्ड फक्त एटीएमसाठी, फोन स्मार्ट पण फोनपे मुलाच्या हातचं. अशा माणसानं डोमेनचे पैसे भरायचे कसे, ते त्यांना सांगितलं त्याच क्रमानं इथे लिहितो. गंमत म्हणजे हे त्या गावात बसून सांगत होतो, जिथे १९४५ साली वनस्पती तुपाच्या धंद्यातून विप्रो उभी राहिली. अमळनेरला कॉम्प्युटर परका नाही, परकं आहे ते कार्ड.

आधी एक गोष्ट, पैशाच्याही आधी

डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव. ते कायमचं विकत मिळत नाही, सालानं मिळतं. आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या शेतगड्याचं, साल आखाजीला (अक्षय तृतीयेला) बदलतं, तसंच याचं. साल संपलं की पुन्हा पैसे भरायचे, नाही भरले की ते दुसऱ्याच्या शेतावर कामाला मोकळं. एका वेळी कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतं.

हे नाव विकणाऱ्या कंपनीला रजिस्ट्रार म्हणतात. डॉट इनचा कारभार निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया पाहते. पण निक्सीच्या दारात जाऊन नाव मिळत नाही, रजिस्ट्रारमार्फतच घ्यावं लागतं. २००५ पासून डॉट इन कोणालाही घेता येतं. देवनागरीत डॉट भारतही आहे, २०१४ पासून. दिसायला फार छान. पण त्यावरचा ईमेल पत्ता अजून सगळीकडे मुकाट्यानं स्वीकारला जात नाही आणि ग्राहकाला तो टाइप करताना कीबोर्ड बदलावा लागतो. धंद्याला मुख्य नाव डॉट इन किंवा डॉट कॉम घ्या, हौस असेल तर डॉट भारत जोडीला.

आता ती गोष्ट. डोमेन कोणाचं, हे पैसे कोणी भरले त्यावर ठरत नाही. रजिस्ट्रारकडचं खातं कोणाच्या ईमेलवर आहे आणि मालक म्हणून कोणाचं नाव लिहिलंय, त्यावर ठरतं. शेताचे पैसे सासऱ्यानं दिले असले तरी सातबाऱ्यावर ज्याचं नाव, तलाठी त्यालाच ओळखतो. तसंच आहे हे.

क्रेडिट कार्ड नाही म्हटलं की माणूस काय करतो? भाच्याला फोन लावतो. भाचा पुण्यात, त्याच्याकडे कार्ड. तो म्हणतो, "मामा, टेन्शन नका घेऊ, मी करून टाकतो." आणि करून टाकतो. स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नावानं. मी स्वतः हेच केलंय. माझ्या पहिल्या वेबसाइटचं नाव एका मित्रानं त्याच्या कार्डावर घेऊन दिलं. दीड वर्षानं त्यानं नोकरी बदलली, जुना ईमेल बंद पडला, कार्डही बदललं. साल संपल्याची सूचना त्या बंद ईमेलवर गेली. मला कळलं तेव्हा माझ्या पत्त्यावर भलतीच जाहिरात झळकत होती. मित्राची काही चूक नाही, त्यानं उपकारच केले होते. चूक माझी, मी खातं माझ्या नावानं उघडलं नव्हतं.

भाच्याकडून पैसे जरूर भरून घ्या. खातं मात्र तुमचं, ईमेल तुमचा, मोबाइल तुमचा. एवढं पाळलंत तर पुढचं सगळं सोपं आहे.

घरातली तयारी

तुमच्या स्वतःच्या वापरातला ईमेल हवा. मुलाचा चालणार नाही, दुकानातल्या पोऱ्याचा तर नाहीच. त्याचा पासवर्ड वहीत लिहा, हसू नका. वही हरवायचा धोका पासवर्ड विसरण्यापेक्षा कमी असतो.

मग बघा की तुमचं कोणतं खातं कामाचं आहे. जळगाव जिल्ह्यात पतसंस्थांचं प्रस्थ मोठं, बऱ्याच घरांचा व्यवहार तिथेच. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिथलं बचत खातं यूपीआयला जोडता येत नाही. पैसे पतसंस्थेत असतील तर आधी हजार-दीड हजार रुपये काढून बँकेच्या खात्यात भरा. काकूंची पहिली अडचण हीच होती. त्या फोनपेत पतसंस्थेचं नाव शोधत बसल्या होत्या. सहकारी बँकेत खातं असेल तर ती बँक यूपीआयवर आहे का, ते अॅपमध्ये नाव टाकून लगेच दिसतं, बऱ्याच आहेत.

बँकेत मोबाइल नंबर जोडलेला असला पाहिजे आणि तेच सिम फोनमध्ये असलं पाहिजे. नवं यूपीआय काढणार असाल तर पिन ठरवायला डेबिट कार्ड लागतं. कार्ड नसेल तर आधारच्या ओटीपीवरही पिन काढता येतो, मात्र आधारला आणि बँकेला तोच नंबर हवा. नव्यानं सुरू केलेल्या यूपीआयवर पहिल्या २४ तासांत ५,००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात. डोमेनला तेवढे पुरतात, पण कोणी पाच वर्षांचं एकदम घेत असेल तर एक दिवस थांबा.

कार्टमध्ये काय काय घुसतं

नाव शोधलं, मिळालं, "कार्टमध्ये टाका" दाबलं. आता घाई करू नका. पैसे भरण्याच्या पद्धतीपेक्षा जास्त पैसे इथे जातात.

पहिलं म्हणजे देश. खातं उघडताना देश भारत निवडा आणि किंमत रुपयांत दिसतेय का बघा. किंमत डॉलरमध्ये दिसत असेल तर पुढे यूपीआयचा पर्याय बहुतेक दिसणारच नाही आणि तुम्ही म्हणाल, "यांच्याकडे कार्डशिवाय काही चालत नाही." चालतं, तुम्ही चुकीच्या दारातून शिरलात. पानाच्या कोपऱ्यात देश किंवा चलन बदलायची सोय असते.

दुसरं, पहिल्या वर्षाची किंमत आणि नूतनीकरणाची किंमत वेगळी असते. पहिलं वर्ष फुकटात असल्यासारखं, दुसऱ्या वर्षी तीन-चार पटही होऊ शकतं. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तेच वाचा. रजिस्ट्रार निवडताना मी पहिल्या वर्षाचा आकडा बघतच नाही. सालदाराला पहिल्या महिन्याचा आगाऊ किती द्यायचा, यावर कोणी साल ठरवत नाही.

तिसरं, आपोआप जोडलेल्या वस्तू. ईमेल सेवा, होस्टिंग (वेबसाइट ठेवायची जागा), वेबसाइट बिल्डर, सुरक्षेचं कसलं तरी प्रमाणपत्र. नुसतं नाव हवं असेल तर हे सगळं काढून टाका. नंतर हवं तेव्हा घेता येतं. आणि "दोन वर्षं" किंवा "तीन वर्षं" आधीच निवडलेलं असतं, ते तुम्हाला हवं तेवढं करा. क्रेडिट कार्ड नसणाऱ्यानं खरं तर जास्त वर्षांचं घ्यावं असं माझं मत आहे, का ते शेवटाकडे सांगतो. पण ते तुम्ही ठरवून घ्या, त्यांनी ठरवून दिलेलं नको.

चौथं, जीएसटी. दाखवलेली किंमत सहसा करापूर्वीची असते, शेवटच्या पानावर १८ टक्के चढतात. समजा नाव ८०० रुपयांना दिसलं, तर १४४ वर येतात आणि ९४४ कापले जातात. खात्यात बरोबर ८०० ठेवणाऱ्याचा व्यवहार फसतो आणि तो यूपीआयला शिव्या देतो. तुमच्या दुकानाचा जीएसटी नंबर असेल तर तो पैसे भरायच्या आधी टाका. पंधरा अक्षरी, आपला महाराष्ट्राचा २७ नं सुरू होणारा. नंतर बिलात नंबर घालून मागायला गेलात की ईमेल-ईमेल खेळत बसावं लागतं. नंबर बिलावर असला तर धंद्याच्या हिशेबात तो कर वजा घेता येतो. कसा, ते तुमच्या सीएला विचारा.

यूपीआयनं भरणं

खान्देशातल्या चहाच्या टपरीपासून जळगावच्या सराफ बाजारापर्यंत ज्यावर व्यवहार चालतात, तेच यूपीआय इथेही चालतं. गोडॅडी आणि बिगरॉकसारखे भारतात धंदा करणारे रजिस्ट्रार ते घेतात. पैसे भरायच्या पानावर यूपीआय निवडलं की पुढे तीनपैकी एक समोर येतं.

कॉम्प्युटरवर बसला असाल तर क्यूआर येईल. फोनमधल्या अॅपनं स्कॅन करा, रक्कम आणि समोरचं नाव वाचा, पिन टाका. हा सगळ्यात सरळ रस्ता. मी काकूंना दुकानातल्या कॉम्प्युटरवर याच पद्धतीनं करायला लावलं.

सगळं फोनवरच करत असाल तर अॅपचं चिन्ह दिसेल. ते दाबलं की फोनपे किंवा गुगलपे आपोआप उघडतं, रक्कम भरलेलीच असते, फक्त पिन टाकायचा. पिन टाकून झाल्यावर लगेच फोन खिशात घालू नका. परत ब्राउझरमध्ये या आणि "ऑर्डर झाली" असं दिसेपर्यंत थांबा. आपल्याकडे नेट कधी गळपटेल सांगता येत नाही, तालुक्याच्या गावात संध्याकाळी तर विशेष. पान मध्येच बंद केलं की पैसे जातात आणि रजिस्ट्रारला कळत नाही.

फोनवर क्यूआरच आला आणि दुसरा फोन नसेल तर स्क्रीनशॉटच्या भानगडीत पडू नका. यूपीआय आयडी टाकायची जागा दिसते का बघा; ही पद्धत आता बंद होत चाललीय, म्हणून नसेल तर कॉम्प्युटरवर बसून करा. आयडी टाकला की अॅपमध्ये मागणी येते, ती मंजूर करा. मागणी रजिस्ट्रारच्या नावानं आणि बरोबर तेवढ्याच रकमेची आहे ना, हे पाहूनच पिन टाका. पानावर मिनिटांचं घड्याळ उलटं चालू असतं, म्हणून पिन आठवत बसण्याची वेळ येणार नाही अशा तयारीनं बसा.

इथेच ती भाच्याची सोय वापरता येते. कॉम्प्युटरवर आलेला क्यूआर मुलानं त्याच्या फोननं स्कॅन केला, त्याच्या खात्यातून पैसे गेले, तरी डोमेन तुमच्याच खात्यात येतं. सातबारा तुमच्या नावावर, बियाण्याचे पैसे मुलानं दिले. मुलाला नंतर रोख द्या.

डेबिट कार्ड

"क्रेडिट किंवा डेबिट कार्ड" असं लिहिलेलं दिसलं की खूप लोक क्रेडिट वाचून मागे फिरतात. एटीएमचं कार्डही तिथे चालतं. ते न चालण्याचं कारण बहुतेक वेळा बँकेत असतं, साइटवर नसतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मार्च २०२० पासून नवं कार्ड मिळतं तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतं चालू असतं. ऑनलाइन वापर तुम्ही स्वतः चालू करायचा. बँकेच्या अॅपमध्ये कार्डच्या सेटिंगमध्ये ते बटण असतं, मर्यादाही ठरवता येते. अॅप नसेल तर शाखेत सांगा. काकूंचं रुपे कार्ड चार वर्षांत एकदाही ऑनलाइन वापरलेलं नव्हतं, म्हणून पहिल्या झटक्यात नाकारलं गेलं. बटण चालू केल्यावर चाललं असतं, पण तोवर आम्ही यूपीआयनं भरून मोकळे झालो होतो.

मर्यादा हजार-दोन हजारच ठेवा, काम झालं की ऑनलाइन वापर बंद करून टाका. आणि "हे कार्ड जतन करा" या चौकोनावरची खूण काढा. २०२२ च्या ऑक्टोबरपासून व्यापाऱ्याला तुमच्या कार्डाचा नंबर स्वतःकडे ठेवता येत नाही, त्याजागी टोकन, म्हणजे एक सांकेतिक आकडा ठेवतात, म्हणून भीती तशी कमी. पण पुढच्या वर्षी तुम्हाला न विचारता पैसे जावेत असं नको असेल तर जतन करू नका.

नेट बँकिंग

ज्यांच्याकडे आहे त्यांना ठाऊक आहे. बँक निवडा, लॉगिन, ओटीपी, झालं. दोन गोष्टी तेवढ्या: छोट्या सहकारी बँकेचं नाव यादीत नसू शकतं, आणि चालू खात्याला दोन जणांची मंजुरी लागत असेल तर दुसरा भागीदार मंजूर करेपर्यंत रजिस्ट्रारचं पान थांबत नाही. भागीदारीतल्या दुकानानं दोघांनी शेजारी बसूनच भरावं.

परदेशी रजिस्ट्रार

काही लोकांना परदेशातले रजिस्ट्रार आवडतात, नूतनीकरण स्वस्त असतं म्हणून. तिथे किंमत डॉलरमध्ये. साधं रुपे कार्ड बहुतेक चालत नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं डेबिट कार्ड लागतं आणि त्यावर आंतरराष्ट्रीय वापर वेगळा चालू करावा लागतो. वर बँक चलन बदलण्याचा आकार लावते. पेपाल या ऑनलाइन पैसे देण्याच्या परदेशी सेवेनं १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे देणं बंद केलं. परदेशात देण्यासाठी ते चालतं, पण त्याच्यामागे शेवटी कार्डच जोडावं लागतं. म्हणजे कार्ड टाळायला गेलात आणि कार्डापाशीच आलात. क्रिप्टो घेणारेही रजिस्ट्रार आहेत. सातशे-आठशे रुपयांच्या नावासाठी ती वाट धरणाऱ्याला मी काही सांगू शकत नाही.

नवख्यानं भारतातला रजिस्ट्रार घ्यावा, रुपयांत, जीएसटीच्या बिलासकट. दोन-तीन वर्षांनी कळायला लागलं की नाव दुसरीकडे हलवता येतं.

रोखीनंच द्यायचे असतील तर

यूपीआय नकोच, कार्डही नको, नोटा मोजून देणार, असा एक वर्ग आपल्याकडे अजून आहे आणि त्यात चुकीचं काही नाही. जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा धुळ्यात कॉम्प्युटरचं काम करणारे अनेक जण रोख घेऊन नाव काढून देतात. जरूर द्या, पण समोर बसून करून घ्या. खातं तुमच्या ईमेलवर उघडायला लावा, पासवर्ड तुम्ही टाका, मालकाच्या रकान्यात तुमचं नाव टाकायला लावा. त्यानं त्याच्या यूपीआयनं भरलं, तुम्ही त्याला रोख आणि वर त्याची मेहनत दिली. "आमच्याच खात्यात ठेवतो, तुम्हाला कटकट नको" असं कोणी म्हणालं तर तो चांगला माणूस असला तरी नाही म्हणा. उद्या त्यानं धंदा बदलला, भांडण झालं किंवा तो गाव सोडून गेला की तुमच्या दुकानाची पाटी त्याच्या खिशात.

पैसे कापले, नाव आलं नाही

होतं. घाबरून लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी दहा-पंधरा मिनिटं थांबा, रजिस्ट्रारच्या खात्यात "माझी डोमेन्स" उघडून बघा, ईमेल बघा. बऱ्याचदा उशिरा येतं. नसेल तर यूपीआय अॅपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन बारा आकडी यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) घ्या आणि रजिस्ट्रारच्या मदत विभागाला ऑर्डर नंबरसोबत पाठवा.

पैसे कापले गेले पण व्यापाऱ्याला पोचलेच नाहीत, अशा वेळी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार यूपीआयचे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवेत; त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. आले नाहीत तर अॅपमधूनच तक्रार टाका, मग बँकेत जा.

मधल्या काळात नाव दुसऱ्यानं घेतलं तर? नाव तुमच्या दुकानाचं आणि आडनावाचं मिळून असेल तर सहसा कोणी टपलेलं नसतं, थांबा. "केळी" किंवा "भरीत" असं एका शब्दाचं नाव हाती लागलं असेल, तर खात्यात पैसे असल्यास मी दुसऱ्यांदा भरून नाव ताब्यात घेईन आणि पहिले पैसे परत मागेन. तसं नाव मोकळं सापडणं म्हणजे लग्नसराईत मंगल कार्यालय रिकामं मिळण्यासारखं आहे.

एक लक्षात ठेवा: मदतीचा नंबर गुगलवर शोधून फोन लावू नका. खोटे नंबर तिथे पेरलेले असतात. रजिस्ट्रारच्या साइटवर लॉगिन करून आत जो मदतीचा पर्याय दिसतो तोच. पैसे परत "घ्यायला" यूपीआय पिन लागत नाही, कधीच नाही. कोणी पिन टाकायला सांगितला की फोन ठेवा. फसलाच असाल तर १९३० वर लगेच फोन करा, जितक्या लवकर तितकं बरं.

पैसे भरल्यानंतरचं काम

डॉट कॉम घेतलं असेल तर ईमेल खरा आहे का हे तपासायला एक दुवा येतो. १५ दिवसांत तो दाबला नाही तर नाव तात्पुरतं बंद करून ठेवतात आणि वेबसाइट उघडत नाही. तो ईमेल कधीकधी स्पॅममध्ये जाऊन बसतो. मी बघितलेल्या "पैसे भरले तरी साइट चालेना" तक्रारींपैकी बऱ्याच या एका न दाबलेल्या दुव्यामुळे होत्या.

बिल डाउनलोड करून ठेवा. खात्यात जाऊन मालकाचं नाव, पत्ता, मोबाइल एकदा वाचा. नाव आधारवर आहे तसंच ठेवा, उद्या ओळख पटवायची वेळ आली तर फाटे फुटणार नाहीत.

पुढचं साल

क्रेडिट कार्डवाल्याचं नूतनीकरण आपोआप होतं आणि तो विसरून जातो. तुमचं आपोआप होणार नाही, हे धरून चाला. म्हणून मघाशी म्हटलं, परवडत असेल तर तीन किंवा पाच वर्षांचं एकदम घ्या. दरवर्षीची धावपळ वाचते आणि मधल्या काळात भाव वाढला तरी तुमचे पैसे भरलेले असतात.

काही ठिकाणी यूपीआय ऑटोपे मिळतं. २०२० पासून ते आहे. एकदा पिन टाकून परवानगी दिली की ठरल्या तारखेला पैसे जातात, १५,००० रुपयांपर्यंत दरवेळी पिन लागत नाही, आणि पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते. परवानगी अॅपमधून कधीही रद्द करता येते. सोय चांगली आहे, पण त्या दिवशी खात्यात पैसे हवेत. केळीचा किंवा कापसाचा पैसा हंगामात येतो. ज्याचं खातं चैत्रात रिकामं असतं त्यानं ऑटोपेवर विसंबू नये.

विसरलात तर लगेच सगळं जात नाही. डॉट कॉमसाठी मुदतीच्या साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी रजिस्ट्रारला सूचना पाठवावीच लागते. मुदत संपल्यावरही बहुतेक रजिस्ट्रार काही दिवस नेहमीच्या दरात भरू देतात, ते दिवस प्रत्येकाचे वेगळे. त्यानंतर ३० दिवसांचा असा काळ येतो की नाव परत मिळतं पण वर जबर दंड बसतो, मूळ किमतीच्या कितीतरी पट. तेही गेलं की आणखी ५ दिवसांनी नाव बाजारात मोकळं. माझं नाव याच रस्त्यानं गेलं होतं.

आणि मुदत जवळ आली की खोटी पत्रं, ईमेल येऊ लागतात. "तुमचं डोमेन संपतंय, या क्यूआरवर भरा." कोणत्याही ईमेलमधल्या दुव्यावरून पैसे भरू नका. स्वतः रजिस्ट्रारच्या साइटवर जा, लॉगिन करा, तिथे तारीख बघा, तिथूनच भरा.

काकूंनी तीन वर्षांचं घेतलं. तारीख मी फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून द्यायला निघालो, तर म्हणाल्या, राहू द्या. घरी गेल्यावर कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहिलं, आणि मोठ्या लेकीला सांगून ठेवलं. ती दर आखाजीला माहेरी येते, तेव्हा झोका खेळून झाला की खातं उघडून तारीख बघायची, असं ठरलंय.